गजावरची खूण

दिवाळी अंकासाठी लेख मागताना संपादकमहाशय दरवर्षी एकच सूचना करतात : ‘विषय प्रसंगाला साजेसा असावा.’ पणत्या, फराळ, बहिणीची ओवाळणी हे विषय या सदरातून मागेच होऊन गेले आहेत. तेव्हा यंदा बंदुकीच्या दारूवर लिहितो. फटाक्यांच्या दिवसांत दारूहून अधिक प्रसंगोचित ते काय असणार?

मराठीच्या मास्तराने बंदुकीवर लिहावे याचे नेहमीच्या वाचकांना नवल वाटेल. माझ्या हातून आजवर खडूखेरीज काही सुटलेले नाही, आणि तोही वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही, हे माझे विद्यार्थी शपथेवर सांगतील. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी आणि आमची सौ. ताईच्या मुलाकडे, म्हणजे माझ्या भाच्याकडे, अमेरिकेत कोलोरॅडोला जाऊन आलो. परत आल्यावर थळच्या नाक्यावर जो तो विचारी, ‘नायगारा पाहिला का?’ नाही पाहिला. मी भाच्याच्या घराचे तळघर पाहिले आणि तेच डोक्यात घेऊन आलो.

तळघरात एक भक्कम लाकडी मेज. मेजाला घट्ट बसवलेले लोखंडी यंत्र, त्याला लांब दांडा. सौ.ने पाहिले आणि म्हणाली, ‘अगं बाई, केवढा हा चकलीचा सोऱ्या!’ ती फार चुकली नव्हती. दांडा खाली ओढायचा, साच्यातून वस्तू दाबून काढायची, तत्त्व तेच. मात्र या सोऱ्यातून चकल्यांऐवजी रायफलची काडतुसे तयार होत होती. हे कळल्यावर सौ. तीन पायऱ्या वर जाऊन उभी राहिली आणि पुढचे संभाषण तिने तिथूनच केले.

भाचा शिकारी नव्हे. चिमणी उडवली तरी हळहळणारा मुलगा आहे. त्याला नाद आहे तो कागदावर नेम मारण्याचा. त्याची रायफल बोल्टची, म्हणजे दाराची कडी वर करून मागे ओढावी तशी कडी ओढायची, एक काडतूस आत सरकवायचे, कडी पुढे ढकलून खाली पाडायची आणि मग चाप ओढायचा. गोळी एका वेळी एकच. दुकानात तयार काडतुसे खोक्यांनी मिळतात, तरी हा ती स्वतःच्या हाताने भरतो. तिकडे स्वतःच्या वापरापुरती काडतुसे घरी भरायला वेगळा परवाना लागत नाही. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याने बंदुकीइतकाच काडतुसे बनवण्यालाही परवाना लागतो, तेव्हा कुणी उत्साही वाचकाने हा लेख वाचून सोऱ्या मांडू नये.

‘पण दुकानातली काय वाईट?’ मी विचारले.

‘वाईट नाहीत रे मामा. पण ती सगळ्यांच्या बंदुकांसाठी असतात. मला माझ्या एकाच बंदुकीसाठी हवीत.’

शिंप्याकडून शिवून घेतलेला सदरा आणि तयार सदरा यांतला हा फरक मला लगेच कळला. पण पुढचे कळायला तीन आठवडे लागले. माझ्याजवळ या विषयाचे भांडवल एकच होते, ते म्हणजे शब्द. भाच्याला सगळी इंग्रजी नावे पाठ, मराठी एकही नाही. मी त्याला सांगितले की ‘दारू’ हा मूळचा फारसी शब्द आणि त्याचा अर्थ औषध. ‘काडतूस’ पोर्तुगिजांच्या ‘कार्तुश’वरून आलेले, आणि ते पोर्तुगीज आपल्या थळपासून फार लांब नव्हते, रेवदंड्याला होते. रायफलच्या टोकावरच्या ज्या बारीक उंचवट्यावर नजर लावून नेम धरतात तिला आपण ‘माशी’ म्हणतो, हे ऐकून तो इतका खूष झाला की दोन दिवस त्याच्या गोऱ्या मित्रांना ‘माशी, माशी’ म्हणून दाखवत होता. शिवाय तोड्याची बंदूक, चकमकीची बंदूक, टोपीची बंदूक, आणि आपल्या कोकणात परवापरवापर्यंत शेतावर असायची ती ठासणीची बंदूक.

‘हे सगळं तुला कसं माहीत, मामा?’

‘पुस्तकांतून,’ मी म्हणालो. ते अर्धेच खरे होते. उरलेले अर्धे पुढे येईल.

काडतुसात चार वस्तू असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली टोपी, पोटात दारू आणि तोंडात गोळी. चाप ओढला की टोपीवर आघात होतो, टोपीची ठिणगी दारू पेटवते, दारूचा वायू होतो आणि तो गोळीला नळीतून रेटतो. पुंगळी त्या दाबाने फुगून नळीच्या घराला चिकटते आणि मागच्या बाजूने वायू निसटू देत नाही. नंतर ती किंचित आकसते, पण पुरती पूर्ववत होत नाही. त्या एका बंदुकीच्या घराचा साचा तिच्या अंगावर उमटलेला राहतो. भाचा याच उडालेल्या पुंगळ्या गोळा करून आणतो, धुतो, साच्यातून दाबून पुन्हा मापात आणतो. दाबतो मात्र अगदी जरुरीपुरत्या. वारंवार दाबून पुंगळीची मान कडक होते, तेव्हा ती ज्योतीवर क्षणभर धरून मऊ करून घेतो. पुण्यातल्या तांबट आळीत ज्याने भांडे घडताना पाहिले असेल त्याला हे नवे वाटणार नाही. तांबटही ठोकून ठोकून ताठ झालेला पत्रा पुन्हा भट्टीत घालतो.

मग दारू. ती काळी बुकटी नव्हे. बारीक करड्या कांड्या असतात, शिरवाळ्यांचे तुकडे करावेत तशा. त्या तो एका छोट्या विजेच्या तराजूवर तोलतो. माप ग्रेनचे. ग्रेन म्हणजे किती, हे मला उमगेना, तेव्हा आमच्या आजीच्या वेळचा हिशेब कामी आला. इंग्रजी अमदानीत तोळा १८० ग्रेनांचा ठरवला होता, आणि तोळ्याच्या गुंजा ९६. म्हणजे ग्रेन अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त. भाच्याची गोळी १६८ ग्रेनांची, तोळ्याला बारा ग्रेन कमी. तिच्यामागची दारू पाव तोळ्याच्या आसपास. आणि हा गृहस्थ ती दारू एक दशांश ग्रेनापर्यंत तोलतो! शेवटच्या दोनचार कांड्या चिमट्याने तराजूच्या पारड्यात टाकतो. आमच्या गावचा सोनारसुद्धा इतका काटेकोर नव्हता. असता तर आजीची आणि त्याची भांडणे झाली नसती.

सौ. पायऱ्यांवरून म्हणाली, ‘एवढं मोजून मी अनारसे केले असते तर एकदाही हसले नसते.’

किती दारू घालायची याचा आकडा दारू बनवणाऱ्यांच्या पुस्तकात दिलेला असतो, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. सुरुवात कमीपासूनच करायची आणि पायरीपायरीने वर जायचे. वर जाताना उडालेल्या पुंगळीकडे वैद्याने जिभेकडे पाहावे तसे पाहायचे. टोपी चपटी दिसू लागली, कडी उघडायला जड जाऊ लागली, तर दाब वाढला असे समजून खाली यायचे. यात शौर्याला जागा नाही. भाच्याच्या वहीत प्रत्येक काडतुसाची नोंद असते : तारीख, दारूचे वजन, हवेचे तपमान, गोळी पुंगळीत किती खोल बसवली ते इंचाच्या हजाराव्या भागात. गोळी किंचित आत किंवा बाहेर बसली तर नळीतल्या आट्यांपर्यंत पोचायला तिला कमीजास्त अंतर काटावे लागते, आणि तेवढ्यानेही नेम बदलतो. हे अंतर कोणत्या बंदुकीला किती मानवेल ते कुठल्या पुस्तकात मिळत नाही, ते ज्याने त्याने आपल्या बंदुकीला विचारून घ्यायचे.

गोळीचा वेगही तो मोजतो. नळीशेजारी एक डबी ठेवलेली असते, ती रडारने वेग सांगते, सेकंदाला आठशे मीटरच्या घरातला. हा वेग पहिल्यांदा नीट मोजला तो बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञाने. त्याचे पुस्तक १७४२ सालचे. त्याने गोळी लाकडाच्या टांगलेल्या ठोकळ्यावर झाडली आणि ठोकळ्याने घेतलेल्या झोक्यावरून तिचा वेग काढला. काय सोपी युक्ती! हा रॉबिन्स पुढे कंपनी सरकारचा अभियंता होऊन आपल्याकडे आला आणि १७५१ साली तिकडे कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला वारला. वेगात शंभरात एका भागाचा फरक पडला तर शंभर यार्डांवर कळणारही नाही, पण हजार यार्डांवर गोळी वीतभर किंवा अधिकच खालीवर लागते. म्हणून ही सारी मापाची तपश्चर्या. गोळी जोरात जावी एवढ्यासाठी कुणी इतके करत नाही. प्रत्येक गोळी मागच्या गोळीसारखीच जावी, यासाठी हे चालते.

एका रविवारी त्याने मला नेमबाजीच्या मैदानावर नेले. कानांवर जाड टोप्या, डोळ्यांना चष्मे, आणि सगळे लोक आश्चर्यकारक शिस्तीचे. वेगवेगळ्या वजनाची काडतुसे त्याने तीन तीनच्या जुड्यांनी भरून आणली होती. शंभर यार्डांवरचा कागद दुर्बिणीतून पाहायचा. पहिल्या जुडीची भोके तीन दिशांना तीन. दुसरीची जरा जवळ. चौथ्या जुडीची तिन्ही भोके अशी एकमेकांत मिसळली की आपल्या रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली असती.

‘सापडलं!’ मी ओरडलो. माझ्या मते काम झाले होते, आता घरी जाऊन जेवायला हरकत नव्हती.

भाचा हसला नाही. ‘मामा, तीन गोळ्यांनी काही सिद्ध होत नाही,’ म्हणाला. पुढच्या रविवारी त्याने त्याच वजनाची दहा काडतुसे आणली. दहा भोक्यांचा पुंजका पहिल्याच्या दुपटीहून मोठा झाला. मला वाईट वाटले, तो मात्र शांत होता. त्याने समजावले की बंदूक आणि काडतूस तेच असले तरी दहा गोळ्यांचा पुंजका तीन गोळ्यांच्या पुंजक्याहून सरासरीने दीडपटीपेक्षा थोडा मोठाच येतो, हे गणित आहे. त्यात तीन गोळ्यांच्या अनेक जुड्यांतली सर्वांत गोंडस जुडी निवडली की आपण आपल्याच नशिबाची पाठ थोपटत असतो. बरेच लोक तो तीन भोकांचा कागद पाकिटात ठेवून मित्रांना दाखवत हिंडतात आणि उरलेले कागद टोपलीत टाकतात.

मी गप्प झालो. वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासतो आहे. गठ्ठ्यातल्या पहिल्या तीन पेपरांवरून ‘यंदाची तुकडी हुशार आहे’ असे मी किती वेळा ठरवले असेल! आणि कविसंमेलनात तीन टाळ्या घेणाऱ्या कवीचा अख्खा संग्रह विकत घेऊन पस्तावलेलो आहे, ते वेगळेच.

त्याने मला विचारले, ‘आपल्याकडे नेमबाज लोक काय करतात?’ मी त्याला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेची गोष्ट सांगितली. मध्य रेल्वेतला हा तरुण २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आला. त्याआधी २०१०मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकला जगज्जेतेपद मिळवले होते. भाचा म्हणाला, त्यांची रायफल लहान, ‘पॉइंट टू-टू’ची. तिच्या काडतुसात टोपीचा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेतच भरलेला असतो, म्हणून ते घरी पुन्हा भरून वापरण्यासारखे नसते. मग ते नेमबाज वेगवेगळ्या घाण्यांची काडतुसे आपल्याच नळीतून उडवून पाहतात आणि जी घाणी आपल्या नळीला मानवते तिचा साठा करून ठेवतात. म्हणजे हा करून घेतो, ते निवडून घेतात. काडतुसांचा आमच्याकडचा जुना कारखाना पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून आहे हेही मी ऐटीत सांगून टाकले.

आता त्या संध्याकाळची गोष्ट. आम्ही निघायला चार दिवस होते. भाचा तळघरात पुंगळ्या भरत होता. लाकडाच्या ठोकळ्याला पन्नास भोके, त्यांत पन्नास पुंगळ्या उभ्या, तोंडे वर. एकेकीत तोलून दारू ओतणे चालले होते. एरवी बोलका मुलगा, पण या वेळी तो रेडिओसुद्धा बंद ठेवी, फोन वर ठेवून येई. मी स्टुलावर बसून पाहत होतो. तिसावी-बत्तिसावी पुंगळी असेल. मला एकदम आठवण झाली आणि मी विचारले, ‘अरे, आपल्या विमानाची वेळ सकाळची का रात्रीची?’

त्याने मान वर केली. ‘रात्रीची,’ म्हणाला. मग खाली पाहिले. हातात तराजूचे पारडे होते, रिकामे. आपण ते आत्ताच ओतले की ओतण्याआधी खाली ठेवून पुन्हा उचलले, हे त्याला सांगता येईना. विजेरी घेऊन त्याने पुंगळ्यांत डोकावून पाहिले. मलाही दाखवले. सगळ्यांतली दारू मला तरी सारखीच दिसली.

‘दुप्पट पडली असेल का?’ माझा आवाज मला परका वाटला.

‘दुप्पट यात मावतच नाही मामा, ओसंडून जाईल. पण थोडी जास्त मावते, आणि तेवढी पुरे. किंवा एखादी रिकामी राहिली, तर नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत मध्येच अडकते. मग तिच्यामागून दुसरी झाडली की...’ त्याने हाताची मूठ उघडून दाखवली.

त्याने ठोकळा उचलला आणि पन्नासही पुंगळ्या एकेक करून उलट्या केल्या, ज्यांत दारू नव्हती त्याही. दीड तासाचे काम पुन्हा डब्यात गेले. मला एका शब्दाने बोलला नाही. म्हणाला, ‘उद्या भरीन. चल, जेवू.’

मला जेवण गेले नाही. सौ.ला वाटले, हवा मानवली नाही.

माझ्या लहानपणी थळला आमचे भाताचे शेत होते, आता त्याचा तुकडाच उरला आहे. आश्विनात भात पिकले की कनकेश्वराच्या डोंगराकडून रात्री डुकरे उतरत आणि एका रात्रीत वाफा लोळवून टाकत. काकांकडे पीक राखण्याच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, त्यांच्या वडिलांच्या वेळची. शेतात चार बांबूंवर माळा बांधलेला असे. काका रात्री त्यावर जात आणि दिवाळीच्या सुटीत मी हट्ट करून त्यांच्याबरोबर. समोर काळोखात समुद्र, आणि त्यात खांदेरीच्या दीपस्तंभाचा उजेड ठरल्या वेळी फिरून जायचा.

काकांचे सामान मला अजून दिसते. म्हशीच्या शिंगात दारू, वेळूच्या पेराचे माप, काथ्याचे बोळे, डबीत छर्रे, दुसऱ्या डबीत टोप्या. वेळूच्या मापाने दारू नळीत ओतायची, वर बोळा, गजाने ठासायचे, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासायचे. ही प्रत्येक बंदूकवाल्याची स्वतःची विद्या असे. काकांनी ते माप पेर थोडे थोडे तासून, बार काढून पाहून ठरवले होते. जास्त दारूने छर्रे पांगतात, कमी दारूने पोचत नाहीत, हे त्यांनी मला तेव्हाच सांगितले होते. गजावर कानशीने पाडलेली एक खाच होती. नीट ठासले की खाच बरोबर नळीच्या तोंडाशी यायची. खाच वर राहिली तर आत काहीतरी जास्त आहे. काकांचा एक नियम होता : बंदूक भरताना कुणी बोलायचे नाही.

१९८८ सालची दिवाळी. मी नऊ वर्षांचा. कंदिलाच्या उजेडात काकांनी नळीत दारूचे माप ओतले, आणि मला राहवले नाही. ‘काका, खांदेरीवरच्या तोफेत किती दारू मावत असेल हो?’

काका गोष्टीवेल्हाळ माणूस. त्यांनी बंदूक मांडीवर आडवी घेतली आणि काळोखातल्या दिव्याकडे बोट करून सुरू झाले. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तट घालायला घेतला, मुंबईच्या इंग्रजांनी गलबते आणून बेट वेढले, आणि तरी आपल्या थळच्या किनाऱ्यावरून रात्रीच्या रात्री लहान होड्यांतून सामान आत जात राहिले. मोठ्या गलबतांना त्या होड्या काही आवरल्या नाहीत. सांगता सांगता काका रंगले. मग भानावर येऊन म्हणाले, ‘आता गप्प बस. भरताना बोलायचं नाही म्हणून सांगितलंय ना?’ आणि त्यांनी शिंग उचलले, वेळूचे माप भरले आणि नळीत ओतले.

मी पाहिले. हे माप दुसरे आहे हे मला ठाऊक होते. ओठांपर्यंत शब्द आला होता. पण नुकताच ओरडा बसला होता, आणि बोलायचे नाही हा नियम होता. मी नियम पाळला.

पहाटे डुकरे आली. काकांनी बार काढला, आणि नळीचा मागचा भाग डाव्या हाताशी फाटला. गावातून फटाक्यांचे आवाज येत होते, त्यामुळे आमच्या ओरडण्याकडे कुणाचे लक्ष जायला वेळ लागला. अलिबागला नेईपर्यंत उजाडले होते. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचे बोट गेले. घरात सगळे म्हणाले, नळी जुनी, समुद्राची खारी हवा, आतून गंज खाल्ला असणार. काकाही तेच म्हणाले. बंदूक नंतर पोलिसांकडे जमा झाली. मी कुणाला काही बोललो नाही. सौ.लाही नाही. इतक्या वर्षांत कितीदा तरी वाटले, पण दरवेळी वाटे, आता सांगून काय होणार.

कोलोरॅडोहून आल्यावर आठ दिवसांनी काकांकडे गेलो. काका आता ऐंशीला टेकले आहेत, ओटीवर झोपाळ्यावर बसलेले असतात. सौ. काकूंशी बोलायला आत गेली. मी भाच्याच्या तळघराची हकिकत सांगायला लागलो. काका कान देऊन ऐकत होते. तराजू, चिमटा, वही, सगळे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून घेतले. तीन भोकांच्या कागदाला खळखळून हसले. मग ती संध्याकाळ सांगितली, आणि तिथेच न थांबता मी पुढचेही सांगून टाकले. माळा, तोफेचा प्रश्न, दुसरे माप. सांगताना त्यांच्याकडे पाहवले नाही, मी आपला अंगणातल्या पोफळीकडे पाहून बोलत होतो.

काका बराच वेळ झोपाळा हलवत राहिले.

‘माळ्यावर गज आहे बघ,’ म्हणाले. ‘काढ.’

बंदूक गेली तरी गज राहिला होता. मी तो कौलांखालून ओढून काढला, गंजलेला, जळमटे लागलेला. काकांनी तो डाव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांत धरला आणि अंगठ्याने खाच शोधली. लगेच सापडली.

‘ही खाच त्या रात्री वर राहिली होती,’ काका म्हणाले. ‘चांगली दोन बोटं वर. मी पाहिली. मनाला म्हटलं, आज बोळा मोठा झाला असेल. पुन्हा सगळं उपसून काढायचा कंटाळा केला.’

‘मग तुम्ही घरात...’

‘काय सांगू घरात? खूण पाहिली आणि तरी बार काढला, असं?’ ते थोडे थांबले. ‘तू पाहिलंस हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर तुला तेव्हाच सांगितलं असतं रे. पोर उगाच बाळगत बसलं एवढी वर्षं.’

मला काही बोलता येईना. झोपाळ्याच्या कड्या तेवढ्या वाजत होत्या.

‘त्यानं पन्नासही उलट्या केल्या?’ काकांनी विचारले.

‘पन्नासही.’

‘रिकाम्या होत्या त्यासुद्धा?’

‘त्यासुद्धा.’

‘पोरगं बरं निघालं,’ काका म्हणाले. ‘दिवाळीला येणार आहे का? आला तर त्याला हा गज दाखव. मापाचं वेळूचं पेरही असेल कुठंतरी, काकूला विचार.’

आणि त्यांनी आत हाक मारून चहा टाकायला सांगितले.